वाचकांची पत्रं : माणसं वाचणारे खलनायक

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की पुस्तकातला, सिनेमातला किंवा मालिकेतला तुमचा आवडता खलनायक कोण. पत्रांचा ढीग आला. गब्बर सिंग सगळ्यांच्या पुढे आहे, हे सांगायची गरजच नाही. पण मला जास्त आनंद झाला तो प्रश्न विचारणाऱ्या पत्रांचा. त्यातली काही निवडून उत्तरं देते आहे. मी अभिनय शिकवते, त्यामुळे खलनायक बोलतो कसा, बघतो कसा, समोरचा बोलत असताना त्याचं काय चाललेलं असतं, इकडेच माझं लक्ष आधी जातं. उत्तरांतही ते येईल.

ताई, तुम्ही आम्हाला विचारलंत, पण तुमचा स्वतःचा आवडता खलनायक कोण? एकच नाव सांगायचं. — तुमची जुनी वाचक

काउंट फॉस्को. विल्की कॉलिन्सच्या ‘द वुमन इन व्हाइट’ या कादंबरीतला. 1859 ते 1860 या काळात ती साप्ताहिकातून क्रमशः येत होती आणि वाचक पुढच्या हप्त्याची वाट बघत बसायचे.

फॉस्को अतिशय लठ्ठ आहे. लठ्ठ माणूस म्हणजे मनाने मोकळा, असं लोक धरून चालतात, म्हणून कॉलिन्सने त्याला मुद्दाम तसा केला. त्याने पांढरे उंदीर पाळलेत. ते त्याच्या अंगावरून, जाकिटाच्या आतबाहेर फिरत असतात आणि तो त्यांच्याशी लाडाने बोलतो. त्याचा आवाज मऊ आहे, वागणं अदबीचं आहे, आणि हा माणूस एका तरुण बाईची संपत्तीच नव्हे तर तिचं नाव, तिची ओळख पुसून टाकायचा बेत करतो आहे.

त्याच्याविरुद्ध उभी आहे मॅरियन. त्या बाईची सावत्र बहीण. एका रात्री ती भर पावसात छपरावर बसून त्याचा कट चोरून ऐकते, ओलीचिंब होऊन परत येते आणि तापाने फणफणत असतानाही सगळं रोजनिशीत उतरवून काढते. अक्षरं तुटत जातात, वाक्यं अर्धवट राहतात. आपण श्वास रोखून वाचत असतो. आणि पुढच्या मजकुराचं अक्षर वेगळं. तो फॉस्कोने लिहिलेला आहे. ती बेशुद्ध पडलेली असताना त्याने तिची रोजनिशी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आहे, आणि खाली स्वतःच्या हाताने अभिप्राय लिहिला आहे. तो तिची निरीक्षणं वाखाणतो, तिच्या धैर्याची तारीफ करतो, तिच्या प्रकृतीबद्दल काळजी व्यक्त करतो. मग वही होती तिथे परत ठेवून देतो.

या पानावर मी प्रत्येक वेळी थांबते. त्याने तिला हातही लावलेला नाही, पण याहून मोठी घुसखोरी मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात आठवत नाही. आणि सगळ्यांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की मॅरियनची खरी किंमत त्या घरात याच माणसाने ओळखलेली आहे. तिची स्तुती तो मनापासून करतो. शेवटच्या कबुलीत तो स्वतःच सांगतो की तिच्याबद्दलचा आदर हाच त्याचा कच्चा दुवा ठरला.

मला आवडणाऱ्या बहुतेक खलनायकांत हा गुण आहे. ते माणसं वाचतात. कथेतली सज्जन माणसं आपापल्या दुःखात, प्रेमात गुंतलेली असतात. समोरच्याकडे टक लावून बघायला सवड असते ती खलनायकाला.

गब्बर गाजला तो संवादांमुळे, की अमजद खानमुळे? आमच्या घरी यावरून दोन तट पडले आहेत. — एक आजोबा

आजोबा, दोन्ही तटांना थोडं बाजूला ठेवते. संवाद सलीम-जावेद यांचे, ते उत्तमच आहेत. ही भूमिका आधी डॅनी डेन्झोंग्पा करणार होते. तारखा जुळल्या नाहीत आणि ती तेव्हा फारशा कुणाला माहीत नसलेल्या अमजद खान यांच्याकडे आली. त्यांच्या आवाजातली ती खेळकर, मध्येच वर जाणारी लकेर दुसऱ्या कुणाला जमली असती असं मला वाटत नाही.

पण तो प्रसंग पुन्हा बघा आणि या वेळी शब्दांकडे दुर्लक्ष करा. आधी दिसतात ते बूट. खडकावर येरझाऱ्या घालणारे. हातातला पट्टा दगडावरून घासत जातो, त्याचा आवाज येतो. तीन माणसं खाली मान घालून उभी आहेत. आलेली माणसं किती होती, एवढा साधा प्रश्न तो विचारतो. उत्तर त्याला ठाऊक आहे. त्याला ऐकायचा आहे तो उत्तर देणाऱ्याचा आवाज, तो कुठे कापतो ते. मग पिस्तुलातल्या तीन गोळ्या हवेत उडवतो, चक्र फिरवतो आणि एकेकाच्या डोक्याला नळी लावून चाप ओढतो. तिघेही वाचतात. गब्बर हसायला लागतो. त्याच्या हसण्याने धीर येऊन ते तिघे हसतात, सगळा डोंगर हसतो. आणि तिघेही पुरते सैलावले, की मग तो गोळ्या घालतो.

त्या हसण्यात तो वाट बघत असतो. भीती पुरेशी नाही त्याला, आधी सुटकेचा आनंद हवा आहे. एखाद्या नटाला क्रौर्य कसं करायचं ते शिकवायचं असेल तर मी डोळे वटारायला सांगत नाही, हा प्रसंग दाखवते.

एक गोष्ट तुमच्या दोन्ही तटांना माहीत असावी म्हणून सांगते. 1975 साली ‘शोले’ लागला त्यात शेवटी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात. आधी चित्रित झालेल्या शेवटात ठाकूर त्याला खिळ्यांच्या बुटांनी मारून टाकतो. सेन्सॉरने हरकत घेतली आणि शेवट बदलावा लागला. माझ्या मते मूळचाच शेवट खरा होता. ज्याचे हात तोडले त्याच्या सूडावर उभी असलेली गोष्ट आयत्या वेळी कायद्याच्या पुस्तकात गुंडाळता येत नाही.

मोरिआर्टी इतका प्रसिद्ध आहे, तर होम्सच्या गोष्टींत तो फारसा सापडत का नाही? — शाळकरी वाचक

कारण त्याला एका कामासाठीच आणलं होतं. आर्थर कॉनन डॉइलला होम्सपासून सुटका हवी होती, आणि होम्सला संपवायचं तर त्याच्या तोडीचा कुणीतरी हवा. म्हणून 1893 सालच्या ‘द फायनल प्रॉब्लेम’मध्ये हा गणिताचा प्राध्यापक अवतरला. तू ती गोष्ट वाचताना एक बघ: वॉटसनची आणि त्याची कधीच समोरासमोर गाठ पडत नाही. त्याच्याबद्दल आपल्याला जे कळतं ते जवळजवळ सगळं होम्सच्या तोंडून. नंतर ‘द व्हॅली ऑफ फिअर’मध्येही तो पडद्याआडच आहे. तो मोठा वाटतो तो त्यामुळेच.

खलनायकाचं बालपण दाखवावं का? माझ्या मैत्रिणीला 2019 चा ‘जोकर’ फार आवडला. मला त्याच्या आधीचा, हीथ लेजरचा जोकर जास्त भयंकर वाटतो, पण का ते सांगता येत नाही. — बारावीची विद्यार्थिनी

तुझं वाटणं बरोबर आहे, आणि कारण त्याच चित्रपटात आहे. 2008 च्या ‘द डार्क नाइट’मध्ये जोकर तोंडावरच्या जखमांची हकिकत सांगतो. एकदा सांगतो की बापाने सुरी चालवली. पुढे दुसऱ्या कुणाला सांगतो की बायकोसाठी स्वतःच करून घेतल्या. दोन्ही वेळा तो इतक्या जीव ओतून सांगतो की आपण विश्वास ठेवतो. दुसरी हकिकत ऐकताना लक्षात येतं की पहिली खोटी असणार, कदाचित दोन्ही खोट्या. आपल्याला कारण हवं असतं, आपली ती भूक त्याने ओळखली आहे, आणि समोरच्याला जे कारण चालेल ते तो पुरवतो.

2019 चा चित्रपट कारण सांगतो. आजार, एकटेपणा, आईने लपवलेल्या गोष्टी, लोकांनी केलेली टिंगल. वाकिन फीनिक्सचं काम मोठं आहे, आणि तुझ्या मैत्रिणीला रडू आलं असेल तर मला नवल वाटणार नाही. पण ती एका दुखावलेल्या माणसाची गोष्ट आहे. आपण त्याच्यासाठी हळहळतो, त्याला घाबरत नाही.

हॅनिबल लेक्टर या कैदेतल्या नरभक्षक डॉक्टरचं उदाहरण याहून बोलकं आहे. थॉमस हॅरिसच्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (1988) या कादंबरीत तो त्याला भेटायला आलेल्या क्लॅरिस या शिकाऊ तपास अधिकारी मुलीला बजावतो की मला काही झालेलं नाही, मी घडलो आहे. परिणामांची बेरीज करून मला समजून घेऊ नकोस. त्यावरच्या 1991 च्या चित्रपटात अँथनी हॉपकिन्स पडद्यावर अर्ध्या तासापेक्षाही कमी वेळ आहेत, तरी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर त्यांना मिळालं. काचेपलीकडे ताठ उभा राहून तो क्लॅरिसची पर्स, बूट, अत्तर, गावाकडचे उच्चार वाचत जातो आणि दोन मिनिटांत तिचं अख्खं बालपण तिच्या पुढ्यात ठेवतो. पुढे 2006 साली हॅरिसनेच त्याच्या लहानपणाची कादंबरी लिहिली. त्यात युद्ध आलं, बहिणीचा भीषण मृत्यू आला, सूड आला. ज्याने मला कारणं चिकटवू नका म्हटलं होतं, त्याला त्याच्याच निर्मात्याने कारणं चिकटवली. मला ते पुस्तक वाचून वाईट वाटलं.

शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तल्या इयागोकडे तर कारणांचा पूर आहे. बढती हुकली, बायकोवर संशय, मत्सर. पण दर वेळी नवं कारण सांगतो म्हणजे एकही पुरेसं नाही. शेवटी ऑथेल्लो विचारतो की हे का केलंस, तर तो म्हणतो की यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही, आणि खरंच बोलत नाही. चारशे वर्षं झाली.

तरीही भूतकाळ दाखवूच नये असा नियम मी करणार नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ची पहिली मालिका अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतरच्या घरात घडते, आणि 2019 ची दुसरी मागे जाऊन जिवंत अण्णा दाखवते. ते चाललं. माधव अभ्यंकरांचे अण्णा अंगणात आले की घरातली बाकीची माणसं गप्प होतात. अण्णा असे का झाले याच्या मागे ती मालिका लागली नाही. अण्णांनी काय काय केलं, ते तिने दाखवलं.

माझा सोळा वर्षांचा मुलगा ‘ब्रेकिंग बॅड’मधल्या वॉल्टर व्हाइटवर फिदा आहे. खोलीत त्याचं पोस्टर लावलं आहे. अमली पदार्थ बनवणारा माणूस त्याचा हिरो व्हावा याची मला काळजी वाटते. पोस्टर काढायला लावू का? — एक आई

पोस्टर राहू द्या. त्याच्याबरोबर बसून मालिका बघा, निदान दुसऱ्या सीझनमधला तो एक प्रसंग तरी. वॉल्टरच्या तरुण साथीदाराची मैत्रीण, जेन, नशेत झोपली आहे. वॉल्टर साथीदाराला उठवायला त्याला हलवतो आणि त्या धक्क्याने ती उताणी होते. तिला उलटी होते, श्वास अडकतो. वॉल्टर पुढे धावतो, हात पुढे करतो आणि तिथेच थांबतो. ही मुलगी आपल्या आड येते आहे, हे त्याला उमगतं. त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, पण हात पुढे जात नाही. नुसतं तिला कुशीवर वळवायचं होतं.

हे बघून झाल्यावर मुलाला विचारा की तो का थांबला. उपदेश करू नका, खरोखर उत्तर ऐकायचं आहे अशा आवाजात विचारा. तो मुलगा हुशार असणार, कारण ही मालिका धीर असलेल्या प्रेक्षकाची आहे. शेवटच्या भागात वॉल्टर बायकोजवळ कबूल करतो की कुटुंबासाठी करतोय म्हणालो ते खरं नव्हतं, मी माझ्यासाठी केलं, मला ते आवडत होतं. तुमच्या मुलाने तिथपर्यंत मालिका बघितली असेल तर त्यालाही हे कुठेतरी टोचलं असणार. त्याबद्दल बोलायला त्याला कुणी मिळालं नसेल, एवढंच.

एक मात्र त्याच्याकडून मागाच. जेनचं नाव त्याच्या लक्षात आहे का? खलनायकावर प्रेम करावं, मीही करते. पण ज्यांचं त्याने वाटोळं केलं त्यांची नावं आपल्याला सांगता आली पाहिजेत.

दुष्ट बाई म्हटलं की सासू किंवा सवत. बायकांना बरे खलनायक का मिळत नाहीत? — एक वाचक

मिळालेत, आपण त्यांना नीट बघत नाही. सासूचंच घ्या. 1942 साली चित्रीकरणात थोबाडीत बसून ललिता पवारांच्या डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. नायिकेची कामं गेली, पण त्याच डोळ्याने त्यांनी पुढची कित्येक वर्षं पडदा गाजवला. सासू म्हणून त्यांना मोडीत काढू नका.

माझी आवडती आहे स्टीफन किंगच्या ‘मिझरी’तली (1987) अ‍ॅनी विल्क्स. जखमी लेखकाला ती घरात डांबून ठेवते आणि त्याने कादंबरीत मारून टाकलेल्या नायिकेला पुन्हा जिवंत करायला लावते. तिच्या कुऱ्हाडीबद्दल सगळे बोलतात. मला भिडतो तो वेगळा प्रसंग. जीव वाचवण्यासाठी लेखक घाईघाईत काहीतरी जुळवून पहिली पानं देतो. ती वाचते आणि म्हणते की ही फसवणूक आहे, मागच्या पुस्तकात जे घडलं त्याच्याशी हे जुळत नाही. लहानपणी बघितलेल्या एका मालिकेची गोष्ट सांगते: नायकाची गाडी कड्यावरून कोसळलेली तिने स्वतः बघितली होती, आणि पुढच्या आठवड्यात दाखवलं की त्याने आधीच उडी मारली होती. इतक्या वर्षांनंतरही तिचा संताप तसाच आहे. आणि लेखकाला पटतं की ही बरोबर बोलते आहे. त्याला मिळालेली सर्वांत बारकाईने वाचणारी वाचक तीच आहे.

‘रेबेका’तली मिसेस डॅन्व्हर्सही अशीच. नव्या मालकिणीला खिडकीशी नेऊन, उडी टाक म्हणून कुजबुजते तेव्हा तिच्या मनातलं दुबळेपण तिने आधीच हेरलेलं असतं. पण त्या कादंबरीत पहिल्या बायकोला गोळी घालणारा नवराच आहे. हिचकॉकच्या 1940 च्या चित्रपटात तो मृत्यू अपघात करून टाकला, कारण बायकोचा खून करून नायक सुटलेला त्या काळच्या हॉलिवूडच्या संहितेला चालत नव्हता. खुनी नायक म्हणून राहिला आणि लोकांच्या लक्षात दुष्ट म्हणून राहिली ती घरकाम बघणारी बाई. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यात आहे.

निळू फुल्यांवर काहीतरी लिहाच. — बऱ्याच वाचकांची एकच मागणी

‘सामना’ बघा. हिंदुराव धोंडे पाटील. विजय तेंडुलकरांचं लेखन, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, समोर डॉ. लागूंचे मास्तर. हिंदुराव कुठेही ओरडत नाही. एका दारुड्या, फाटक्या माणसाला घरात आसरा देतो, त्याची बडदास्त ठेवतो, त्याच्याशी गप्पा मारतो. सत्ता इतकी मुरलेली आहे की दरडावायची गरज उरलेली नाही. मग मास्तर विचारायला लागतात, मारुती कांबळेचं काय झालं? निळूभाऊंचा चेहरा बघा त्या प्रत्येक वेळी. पहिल्यांदा तो प्रश्न हसण्यावारी जातो. नंतर नंतर त्या हसण्याला एका क्षणाचा उशीर होऊ लागतो. माणसं वाचत आलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी वाचतं आहे, हे तो उशीर सांगतो.

मी रहस्यकथा लिहिते आहे. खलनायक एक वकील आहे, तो एका म्हाताऱ्या बाईचं मृत्युपत्र बदलतो. सगळं जुळलंय, पण वाचणारे म्हणतात की तो कागदी वाटतो. शेवटच्या प्रकरणात त्याचा मोठा कबुलीजबाब घातला, तरी उपयोग झाला नाही. — नवी लेखिका

कबुलीजबाब काढून टाका. तो बोलायला लागला की मेला.

माझ्या वर्गात आम्ही ‘ऑथेल्लो’चा तिसरा अंक करतो, देवलांनी 1890 मध्ये ज्याचा ‘झुंजारराव’ केला तेच नाटक. ऑथेल्लोच्या हाताखालचा कॅसिओ ऑथेल्लोच्या बायकोशी, डेस्डिमोनाशी, बोलून निघून जातो, आणि इयागो स्वतःशी पुटपुटतो की हे मला आवडलं नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? काही नाही, तो म्हणतो. बस. नवी मुलं हे वाक्य प्रेक्षकांकडे बघून, अर्थ भरून म्हणतात आणि प्रसंग पडतो. मी सांगते, तोंडातून निसटलं असं म्हण, आणि लगेच ते मागे घ्यायची घाई कर. मग ऑथेल्लोच मागे लागतो, विचारत राहतो, संशय स्वतःच्या हाताने बाहेर ओढून काढतो. इयागोला ढकलावं लागत नाही. हा माणूस ‘काही नाही’वर थांबणारा नाही, एवढं त्याला माहीत आहे.

तुमच्या वकिलाला असं काहीतरी माहीत असू द्या. तो मृत्युपत्र बदलतो हे प्रकरण आठ मध्ये कळतं, असं तुम्ही कळवलंय. त्याच्या खूप आधी, दुसऱ्याच प्रकरणात, त्याला बाईंच्या घरी नुसतं भेटायला पाठवा. त्याने त्यांच्या तब्येतीची चौकशी करावी, जुन्या आठवणी ऐकाव्यात, मध्ये बोलू नये. बाईंना बरं वाटावं, कारण घरातल्या कुणी इतकं ऐकून घेतलेलं नाही. बोलता बोलता बाई पत्र वाचायला चष्मा शोधतील. तो त्याला त्यांच्या आधी दिसेल, रेडिओच्या मागे. त्याने उठून तो द्यावा, हसून. आणि तेव्हाच त्याच्या मनात नोंद व्हावी की चष्म्याशिवाय यांना अक्षरही दिसत नाही. वाचकाला यातलं काही सांगू नका. सहीच्या दिवशी टेबलावर कागद असतील, पेन असेल, साक्षीदार असतील. चष्मा कुठे आहे हे कुणी विचारणार नाही.

ते प्रकरण लिहून झालं की मला पाठवा, मी नक्की वाचेन.